लक्षणं सांगणारी ताई

प्रियदर्शनी कांबळे रेणापूर तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी चालवायची. लातूरला दोन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन ती आली आणि गावातल्या आयांना गोळा करून तिनं स्वमग्नतेची लक्षणं समजावून सांगितली. हाक मारली तरी मूल बघत नाही, बोलत नाही, वस्तूंची रांग लावत बसतं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

निघताना आयांना चपला जागेवर सापडेनात. कुणीतरी त्या भिंतीपर्यंत ओळीनं मांडल्या होत्या. एकेकीनं आपली चप्पल उचलली, तशी एक साडेतीन वर्षांची मुलगी जमिनीवर पडून किंचाळायला लागली.

तिची आई वर्षाराणी तेवढी मागं राहिली. "ताई, तुम्ही माझ्या शिवकन्येचंच सांगितलं की. आता काय करू?"

गेलं वर्षभर प्रियदर्शनीच्या मनात तेच होतं, पण बोलायचा धीर झाला नव्हता. तिनं लातूरच्या, अशा मुलांना शिकवणाऱ्या एका केंद्राला फोन लावून दिला.

वर्षाराणीच्या सासूला, केवळाबाईला, हे पटलं नाही. "माझा रामलिंग पाच वर्षाला बोलला. त्याची लेकबी बोलंल. चांगल्या लेकराला येडं ठरवून राहिलात तुम्ही."

तरी वर्षाराणी दर मंगळवारी लेकीला घेऊन केंद्रात जात राहिली. तिसऱ्या खेपेला शिवकन्येनं तिथल्या शिकवणाऱ्या बाईंच्या हातावर आपणहून हात ठेवला. ते सांगताना वर्षाराणीला रडू आवरेना. पुढच्या मंगळवारी प्रियदर्शनी मुद्दाम रजा काढून सोबत गेली.

केंद्राला कुलूप होतं. बाई नोकरी सोडून गेल्याचं तिथल्या शिपायानं सांगितलं. "नवीन कधी येतील?" प्रियदर्शनीनं विचारलं.

"मला काय माहीत?" शिपाई म्हणाला.

परतीच्या एसटीत गर्दी होती. हॉर्न वाजला आणि शिवकन्या कानांवर हात दाबून ओरडायला लागली. काही केल्या थांबेना.

"एक ठेवून द्या, गप बसंल," मागून एक बाई म्हणाली.

प्रियदर्शनी उठली. "मावशी, हट्ट न्हाई हा. तिला आवाज सहन होत न्हाई." बैठकीत सांगितलं होतं तसंच तिनं सगळं सांगितलं.

"मग गाडीत कशाला आणता?"

तेवढ्यात वर्षाराणीनं कंडक्टरला बेल मारायला सांगितलं आणि ती लेकीला घेऊन खाली उतरली. प्रियदर्शनी मागोमाग धावली.

गाडी गेली तशी पोर निवली. सोयाबीनच्या कडेनं चालता चालता वर्षाराणी म्हणाली, "सासूबाई म्हणायच्या बोलंल, मलाबी वाटायचं बोलंल. तुम्ही सांगितलं अन् तेबी गेलं, ताई."

तिच्या आवाजात राग नव्हता. प्रियदर्शनीनं तिच्या खांद्यावरची पिशवी आपल्याकडं घेतली. गाव अजून तीन किलोमीटर होतं. तिघी उन्हातनं चालत राहिल्या.