काट्याचा कॅमेरा आणि मधुकररावांचे डोळे

मी काट्याचा कॅमेरा बोलतोय. अड्याळच्या बाजारात मधुकररावांचा फोटो स्टुडिओ आहे, तिथल्या काचेच्या कपाटात माझा मुक्काम. माझ्या पोटात रीळ भरावं लागतं आणि फोटो लगेच बघायला मिळत नाही, म्हणून हल्लीची मंडळी मला कॅमेरा मानायलाही तयार नाहीत.

माझ्यातून पाहिलं की कडेला सेलवर चालणारा एक बारीक काटा हलताना दिसतो. तो मध्ये आला की उजेड बरोबर. मधल्या गोलात माणसाचा चेहरा दोन तुकड्यांत दिसतो. रिंग फिरवून ते तुकडे जोडले की फोकस झाला. मधुकररावांनी निम्म्या तालुक्याचे चेहरे माझ्यातून जोडले. मला याचा गर्व आहे आणि मी तो लपवत नाही.

पंचवीस वर्षांपूर्वी त्यांच्या मुलानं, सुगतनं, दुसरा कॅमेरा आणला. तोही रिळाचाच, पण आपोआप फोकस करणारा. बटन अर्धं दाबलं की घर्र करून स्वतःच काच फिरवायचा आणि टिक वाजवायचा. उजेडही म्हणे चौकटीचे भाग पाडून प्रत्येक भागात वेगळा मोजायचा. मधुकरराव वैतागले. "माणसाले कायीच करू देत नाही थो. मंग आपण कायले जावाचं लग्नात? त्यालेच पाठवा!"

हे वाक्य मला फार आवडायचं.

पुढे रिळंच बंद पडली आणि आम्ही दोघं एकाच फळीवर आलो. शेजारी असूनही मी त्याच्याशी फारसा बोललो नाही.

यंदा मोठी नात हर्षा हिचं लग्न ठरलं. धाकटी रुचिता म्हणाली, "मोबाइलवर तर सारेच काढतीन. आपण रिळावर काढू, आबाजी." तिनं मुंबईहून दोन रिळं मागवली. आम्हा दोन्ही कॅमेऱ्यांना एकेक. मधुकररावांनी विचारही न करता मला उचललं. शेजारी रुचिताच्या वाट्याला आला. मी त्याच्याकडे दयेनं पाहिलं.

लग्न विहारात होतं. नवरी पांढऱ्या साडीत, नवरदेव पांढऱ्या कपड्यांत, मागची भिंतही पांढरी. इथे एक कबूल करतो. मला सगळं जग करड्या रंगाचंच वाटतं. एवढं पांढरं दिसलं की माझा काटा घाबरतो, उजेड कमी करायला सांगतो आणि साडी मळकट येते. शेजारी तेवढा फसत नाही.

हार घालायची वेळ झाली. मधुकररावांनी मला डोळ्याला लावलं. रिंग पुढे गेली, मागे आली, परत पुढे गेली. हे हात असे कधी चाचपडले नव्हते. तुकडे जुळत नव्हते, कारण त्यांना तुकडेच दिसत नव्हते. डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता आणि घरात कुणालाच त्यांनी सांगितलं नव्हतं.

"आबाजी, काहून थांबले?" रुचितानं विचारलं.

"उजेड पाहून राहिलो."

"तुमाले दिसून नाही राहिलं ना?"

समोर हर्षा हार धरून ताटकळली होती. रुचितानं मला काढून घेतलं आणि शेजाऱ्याला त्यांच्या हाती दिलं. "हा वाजते. कानानं काढा."

कोऱ्या पांढऱ्यावर शेजाऱ्याचा फोकस लागत नाही, नुसता घरघरत बसतो. आता फजिती होणार, असं मला वाटलं. पण मधुकररावांनी आधी साडीच्या जरीच्या काठावर नेम धरला, बटन अर्धं दाबून टिक ऐकलं, तसंच धरून चेहऱ्यावर आले आणि दाबलं. ज्याला इतकी वर्षं नावं ठेवली, त्याच्या सगळ्या खोडी त्यांना तोंडपाठ होत्या! कधी शिकले, कोण जाणे. मला तरी पत्ता नव्हता.

"आबाजी, काटा मधात आला!" रुचिता माझ्यातून पाहत म्हणाली.

"आयकू नको त्याचं. पांढऱ्यात खोटं बोलते थो. उजेड दीड स्टॉप जास्त घेजो."

चारचौघांत असं बोलले.

रिळं धुऊन आली. रुचितानं माझ्यातून काढलेली साडी पांढरीशुभ्र होती, फक्त फोकस नवरीऐवजी हारावर होता. मधुकररावांच्या एका फोटोत मात्र हर्षा हार उचलते आहे, डोळे भरलेले, पापणीन् पापणी स्पष्ट. तो स्टुडिओत भिंतीवर लागला.

मग रुचितानं त्यांना भंडाऱ्याला नेऊन डोळ्याचं ऑपरेशन करवून आणलं. बरे होऊन आले ते थेट कपाटापाशी. मला डोळ्याला लावलं आणि समोरच्या कॅलेंडरचे दोन तुकडे अचूक जोडले. "जुळते," म्हणाले. माझा ऊर भरून आला.

त्यांनी मला परत फळीवर ठेवलं, शेजाऱ्याला गळ्यात अडकवलं आणि तलावावर पक्षी टिपायला गेले. आता रोजच जातात.

गिऱ्हाईक त्या फोटोबद्दल विचारतं, तेव्हा ते माझ्याकडे बोट दाखवतात. "या जुन्यानं काढला. आपोआपवाल्याले जमते का असं?" रुचिता मान खाली घालून हसते, पण काही बोलत नाही. मीही बोलत नाही.

तुम्ही अड्याळला आलात तर तुम्हालाही हेच सांगतील. हो म्हणा. फक्त जाताना रुचिताला तेवढं सांगा, माझ्यातला सेल काढून ठेव म्हणावं. नुसता पडून राहिला की तो गळतो.