काढून टाकलेला ब्रेक

अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. मधल्या खुर्चीत ब्रेकमिस्त्रीची एकोणीस वर्षांची मुलगी शून्यात बघत, काहीतरी चघळल्यासारखे ओठ हलवत बसली होती.

"जळका वास येतोय... हे सगळं आधी झालंय," ती पुटपुटली, आणि गर्दीने हात जोडले.

"ऐकलंत?" ही बैठक भरवणारे महाराज गरजले. "तुम्हाला आज दिसतं ते हिला कालच दिसलेलं असतं!"

कालच दिसलं होतं तर पोरीने ते काल का सांगितलं नाही, एवढी साधी शंका एकालाही आली नाही. चमत्कार बघायला येताना माणसं डोकं घरी ठेवून येतात.

मिस्त्री भिंतीला टेकून उभा होता. बसच्या कारखान्यात त्याची हयात ब्रेक दुरुस्त करण्यात गेली, पण पोरीला फिटचा झटका आला की तो कसा थांबवायचा हे त्याला कळत नसे. झटक्यांवरच्या गोळ्यांनी ती दिवसभर पेंगते, हेही त्याला बघवत नव्हतं. "गोळ्या दिव्यदृष्टी दाबतात," असं महाराज म्हणाले, तेव्हा गोळ्यांची डबी त्याने स्वतःच त्यांच्या झोळीत टाकली. शिवाय दर बैठकीआधी 'साधना' म्हणून महाराज पोरीला दोन-दोन दिवस झोपू देत नसत. झटका मग अगदी वेळेवर हजर!

चौथ्या बैठकीत झटका थांबेचना. "शक्ती प्रकटली!" असं ओरडत महाराज मागच्या दाराने पसार झाले. मिस्त्रीने पोरीला उचललं आणि दवाखाना गाठला.

"गोळ्या कुणी बंद केल्या?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मी. शिवाय ती दोन दिवस झोपलेली नाही."

बाईंनी आवाज चढवला नाही. "मेंदूत आठवणी जपणारा एक भाग असतो. तिथल्या काही पेशींचं काम एकच, बाकीच्यांना 'थांब' म्हणणं. त्या तालात थांबवतात, म्हणून बाकीच्या आपापल्या वेळी बोलतात. हे थांबवणं कमी पडलं की सगळ्या एकदम ओरडतात. मग नसलेला वास येतो, नवी गोष्टही आधी घडल्यासारखी वाटते. हिच्या गोळ्या त्या थांबवण्यालाच जोर देत होत्या. त्या सोडल्या, वर जागरण. झटका येणारच होता."

"म्हणजे मीच ब्रेक काढला आणि गाडी उतारावर सोडली," मिस्त्री म्हणाला.

पोर वाचली. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, झटके आटोक्यात आले. पण त्या लांबलेल्या झटक्याने व्हायचं ते नुकसान करून ठेवलं. आता नवं काही तिच्या डोक्यात टिकत नाही.

पुढची बैठक कधी, असं विचारत लोक अजून दारात येतात. मिस्त्री प्रत्येकाला तेच सांगतो, "चमत्कार नव्हता हो, आजार होता. औषध सोडा असं कुणी म्हटलं, तर आधी डॉक्टरांना विचारा. निदान शंका तरी घ्या. मी घेतली नाही."

लोक माना डोलावतात. तेवढ्यात आतून हाक येते, "बाबा, मी आज गोळी घेतली का?"

"घेतलीस, बाळा."

सकाळपासून तिने हे नवव्यांदा विचारलेलं असतं.