चौदा नंबरची रिकामी जागा

सर गेले तीन आठवडे चिडलेले होते. शाळेत चिडलेले, घरी चिडलेले, दाढी करताना आरशातल्या स्वतःवरही चिडलेले. आणि कारण काय, तर सुट्टी!

चाळीस शिक्षक आणि बावीस वर्ग यांचं वेळापत्रक एका रविवारात बसवणारा हा माणूस. गणिताच्या बाई आणि चित्रकलेचे मास्तर एकमेकांच्या तासावर आले, असं सरांच्या कारकिर्दीत कधी झालं नाही. अशा माणसाला चार दिवसांची समुद्रकाठची सहल जुळवता येईना! कॅराव्हॅन भाड्याने घ्यायची, म्हणजे पलंग, शेगडी, मोरी सगळं पोटात घेऊन फिरणारी ती लांबलचक गाडी, आणि किनाऱ्यावरच्या कॅम्पमध्ये मुक्काम करायचा. एवढंच तर होतं. पण गाडीवाला "बघतो, सांगतो, करतो" यापलीकडे सरकत नव्हता, आणि कॅम्पची नोंदणी उघडावी तर जिकडेतिकडे एकच लाल पाटी : जागा शिल्लक नाही.

"अहो, जेवायला येताय ना? आमटी तिसऱ्यांदा गरम केली," बायको म्हणाली. ती औषधांच्या दुकानात दिवसभर उभी असायची आणि संध्याकाळी तिला कोणाचीच चिडचिड ऐकायची हौस नसायची.

"लोकांना दुसरे उद्योगच नाहीत! पहाटे पाचला नोंदणी उघडते आणि पाच वाजून तीन मिनिटांनी सगळं भरलेलं? माणसं आहेत का टोळधाड?"

शेवटी सरही इरेला पेटले. पुढच्या नोंदणीला ते पहाटे साडेचारला उठले. एक फोन स्वतःचा, एक बायकोचा, एक आईचा, असे तीन समोर मांडून बसले. त्याच चार दिवसांसाठी तीन कॅम्प, आणि प्रत्येक ठिकाणी दोन जागा, एक पाण्याजवळ आणि एक झाडाखाली. "तिथे गेल्यावर बघू कुठली बरी ती. उरलेल्या नंतर सोडून देऊ," ते स्वतःशीच म्हणाले. रद्द करायला दमडी लागत नव्हती, म्हणून घाईही नव्हती. पक्कं ठरलेलं त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं आणि बाकीचं मागच्या पानावर. ते मागचं पान पुन्हा कोणी उलटलं नाही.

खरं तर हा सगळा खटाटोप होता आईसाठी आणि मावशीसाठी. मावशीची नजर जात चालली होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, पुढच्या वर्षी दिसेलच असं नाही. मावशी आजवर लांब राहिलेली. दोघी बहिणींची भेट होऊन अकरा वर्षं झाली होती. तिने एकच मागितलं : "दिसतंय तोवर ताईबरोबर एकदा समुद्र बघायचाय."

तिचा मुलगा बसच्या आगारात मेकॅनिक. त्याला जेमतेम दोन दिवसांची रजा मिळाली. त्यानेही एक छोटी गाडी ठरवली, पण जागा काही मिळेना. त्याने सरांना तीनदा फोन केला.

"दादा, पहिल्या दिवशी तुमच्याच कॅम्पला प्रतीक्षा यादीत दुसरा नंबर लागलाय. काय करू?"

"ये तसाच. कोणी ना कोणी येणारच नाही बघ. नुसती जागा अडवून बसतात रे लोक, लाजलज्जा कशाची ती नाहीच!"

हे सर अगदी मनापासून बोलले. आपल्यालाच हे लागू पडतं, असं त्यांच्या ध्यानीमनीही आलं नाही.

निघायच्या दिवशी गाडीवाल्याने आणखी दोन तास खाल्ले. त्यामुळे सर, बायको, मुलगी आणि आई यांना घेऊन गाडी कॅम्पच्या फाटकाशी पोचली तेव्हा दुपारचे चार वाजून गेले होते. बाहेर तीन गाड्या ताटकळत उभ्या. दुसऱ्या गाडीच्या सावलीत, घडीच्या खुर्चीवर मावशी बसली होती. आई गाडी नीट थांबायच्या आतच उतरली. दोघी एकमेकींचे हात धरून उभ्या राहिल्या.

"सकाळी नऊपासून इथेच आहोत," मावसभाऊ म्हणाला. "किनारा आतमध्ये. जागा असल्याशिवाय गाडी आत सोडत नाहीत, आणि आईला वाळूतून एवढं चालवत नाही. उद्या सकाळी मला गाडी परत द्यायचीय, दादा."

फाटकाच्या जाळीतून सरांनी आत पाहिलं आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आत किती जागा रिकाम्या! प्रत्येकीवर लाल पाटी : आरक्षित. माणूस नाही की गाडी नाही.

ते तरातरा चौकीत शिरले. तिथल्या व्यवस्थापक बाई पन्नाशीच्या, उन्हाने रापलेल्या, समोर जाडजूड नोंदवही.

"हा काय प्रकार आहे? आत अर्धं मैदान ओस पडलंय आणि एक म्हातारी बाई सकाळपासून उन्हात बसलीय!"

"मला दिसतंय, सर. पण ज्याने धरलीय त्याची जागा उद्या दुपारपर्यंत ठेवायची, असा नियम आहे. तो आला तर?"

"येणार नाही तो! यायचं नव्हतं तर कळवायची अक्कल नको? कोण आहेत ही माणसं? ती पुढची, झाडाखालची, चौदा नंबरची. कोणाची आहे? सांगा नाव, मी स्वतः फोन लावतो आणि चांगली खरडपट्टी काढतो!"

एव्हाना बाहेर उभी असलेली माणसं दारापाशी जमली होती. कोणीतरी "बरोबर बोललात!" असंही म्हणालं. बाईंनी चष्मा लावला, वहीवर बोट फिरवलं आणि थांबल्या. सरांनी आणलेली नऊ नंबरच्या नोंदणीची चिठ्ठी त्यांनी वहीशेजारी ठेवून दोन्हींवरचा पत्ता पुन्हा पाहिला.

"सर, नाव राहू द्या. तुम्ही आधी आत जाऊन गाडी लावा."

"का राहू द्या? सांगा!"

बाईंनी वही त्यांच्याकडे फिरवली. नाव सरांच्या आईचं होतं!

सरांच्या डोळ्यांपुढे वहीचं ते मागचं पान उभं राहिलं. मागे उभी असलेली आई पुढे आली, वाकून तिने स्वतःचं नाव वाचलं.

"माझ्या नावावर?" ती म्हणाली. "म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीला दिवसभर दारात मी बसवलं?"

"आई, तुझा फोन नुसता वापरला गं... लागली तर असावी म्हणून..."

"लागली तर!" आईचा आवाज चढला. "सकाळपासून जिला लागलीय ती बाहेर बसलीय!"

बाई रागावल्या नाहीत. त्यांना हे रोजचंच असावं. "सर, सगळे मला विचारतात, कॅम्प भरला कसा? कॅम्प भरलेला नसतोच. तो अडवलेला असतो. जो तो म्हणतो, मी एकच जास्तीची धरली, एकीने काय होतंय. या वहीत अशा एकेकीच आहेत सगळ्या. आणि अडवणारा वाईट माणूस असतो असंही नाही. जागा मिळणार नाही या धास्तीने तो दोन धरतो आणि त्याच्यामुळे दुसरा चार धरतो. कोणीतरी आधी हात सोडायला हवा ना?"

सरांची मान खाली गेली. भर गर्दीत ज्याची खरडपट्टी काढायची होती तो माणूस त्यांच्याच चपलांत उभा होता!

"चौदा नंबर आत्ता सोडतो," ते म्हणाले. "मावशीला द्या."

"यादीत पहिला नंबर त्या तान्ह्या बाळवाल्यांचा आहे. चौदा त्यांना जाईल. मावशी दुसऱ्या."

सरांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने एक मोठा सुस्कारा सोडला आणि मान हलवली.

"मग नऊही सोडतो," सर म्हणाले. "आई मावशीच्या गाडीत राहील."

त्यांनी तिथल्याच बाकावर बसून उरलेल्या दोन कॅम्पना फोन केले. एक जागा, दुसरी, तिसरी, चौथी, सगळ्या सोडल्या. शेवटच्या कॅम्पवाल्याने इतक्या वेळा आभार मानले की सरांना ते ऐकवेना. तिथेही दारात कोणीतरी उभं होतं.

फाटक उघडलं. बाळवाल्यांची गाडी आत गेली आणि तिच्यामागून दोघी बहिणींची. सर, बायको आणि मुलगी यांनी ट्रकच्या तळावर, टायर दुरुस्तीच्या दुकानामागे मुक्काम ठोकला. तिथून समुद्र दिसत नव्हता, वासही डिझेलचा होता. मुलगी "ही काय सहल आहे का?" म्हणून रुसून बसली. सरांनी पहिल्यांदाच कोणावरही न चिडता कांदा चिरायला घेतला.

सकाळी मावसभावाने आईला आणून सोडलं. तिचे डोळे सुजलेले होते, पण चेहरा निवलेला होता.

"दिसला का गं मावशीला?" सरांनी भीत भीत विचारलं.

"दिसला. सूर्य मावळेपर्यंत बघत होती. मला म्हणाली, ताई, आता नाही दिसलं तरी चालेल."

सर तोंड फिरवून रडले.

वाचकहो, आपणही नाक्यावरच्या दवाखान्यात दोन-दोन नंबर लावून ठेवतो, वाचनालयातली पुस्तकं महिनोन् महिने घरी ठेवतो, पार्किंगची जागा बादली ठेवून अडवतो, आणि मग काहीच मिळत नाही म्हणून जगाच्या नावाने खडे फोडतो. आज घरी गेल्यावर एवढं करा. आपल्या नावावर काय काय धरून ठेवलंय ते बघा, आणि जे वापरणार नाही ते आजच सोडा. दारात कोण बसलंय, ते आपल्याला आतून दिसत नाही!