देवापुढची फळी

कोलशेतला होड्या बांधणाऱ्यांची एक रीत होती. होडीची शेवटची फळी सुताराच्या घरी जायची. तिला हळदकुंकू लावायचं, तीन दिवस देवापुढे ठेवायची आणि चौथ्या दिवशी सुताराने स्वतः ती बसवायची. ती बसेपर्यंत होडी सुताराची, बसली की मालकाची. ही रीत मला फार आवडायची. आमच्यासारख्यांच्या हातात एरवी असतं काय?

बावन्न साली यांनी कल्याणच्या बाळशेटसाठी रेती वाहायचा पडाव, म्हणजे मोठी होडी, बांधायला घेतला. यांचं नाव काळुराम. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, पण घेतल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही. फळी फळीला इतकी चपखल बसवायचे की फटीत भरायच्या कापसाला जागा शोधावी लागे. मध्येच यांना ताप भरला. हे आठ दिवस अंथरुणाला खिळले, तेवढ्यात बाळशेटने कुठल्याशा पाडलेल्या वखारीच्या तीन जुन्या फळ्या आपल्या माणसांकडून पाण्याखालच्या भागात ठोकून घेतल्या. वरून तेल चोपडलं, झालं! उठल्यावर हे पडावापाशी गेले, त्या फळ्यांवर बोटाने ठकठक केलं आणि घरी येऊन म्हणाले, "त्या तीन काढल्याशिवाय शेवटची बसणार नाय."

महिना झाला. फळी आमच्या घरात देवापासून पडवीपर्यंत आडवी. ओलांडायची नाही, म्हणून मी चुलीपाशी जायला मागच्या दाराने वळसा घालत होते. बाळशेटने निरोपावर निरोप धाडले. शेवटी घरं बांधणारा एक सुतार पकडून आणला, पण होडीची वळणाची फळी त्याला कुठली घडवता येणार? आणि फळी माझ्या देवापुढे.

मग बाळशेटने भिवाला पाठवलं. भिवा माझा धाकटा भाऊ, या पडावाचा ठरलेला तांडेल, म्हणजे तो पाण्यावर चालवणारा. चार वर्षं मिठागरात त्याने पाय कुजवले होते. पडाव पाण्यात उतरला की त्याचे दिवस पालटणार होते.

"बाय, फळी दे," दारातूनच तो म्हणाला. "भावोजींचा हट्ट आन् माझ्या पोटावर पाय."

मला राग आला, पण त्याचं खोटं नव्हतं, म्हणून जास्तच आला. मी कोयती उचलली आणि त्याला मनगटाला धरून बंदरावर नेलं. पडावाखाली वाकून त्या तिन्हींपैकी मधल्या फळीत कोयतीचं टोक खुपसलं. ते पिकल्या पपईत जावं तसं आत गेलं. मी ओढलं तर भुसा गळाला.

"बघ! यात बसून तू रेती आणणार?"

भिवाने मान फिरवली. "मना ठावं हाय."

"काय?"

"पयल्या दिवशीच बघितलं मी. वरीसभर तरी टिकंल, बाय. वरीसभर तर पोरं जेवतील."

अंगात वीज शिरली माझ्या. घरी आले, तो मागोमाग. हे ओट्यावर हत्यारं पुसत होते. मी हात पुढे केला. "करवत द्या."

यांच्या हत्यारांना कुणी हात लावलेला यांना खपत नसे. माझ्याकडे पाहिलं, मागे उभ्या भिवाकडे पाहिलं आणि करवत दिली. वर म्हणाले, "सरळ भागात कापू नको, सांधून घेतील. वळणावर काप."

देवाला हात जोडले, आणि वळणावर करवत धरली. सागवान ते, घाम काढला त्याने. अर्ध्यावर माझे हात भरून आले, तेव्हा भिवा पुढे आला. मला वाटलं, आता हा करवत हिसकणार. त्याने फळीवर गुडघा रोवला आणि करवतीचं दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून ती कापली.

दुपारी बाळशेट स्वतः आला. दोन तुकडे पाहून त्याचा चेहरा लालबुंद झाला. "कोणी केलं हे? काळुराम, तुझी बायको लई शेफारलीय!"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात भिवा उठला.

"मी कापली, शेट."

"तू? अरे, तांडेल तू! भीक मागशील!"

"मागंन. पन बुडनार नाय."

"दुसरी फळी करून घेईन मी!"

"करा. तिच्यासंगती दुसरा तांडेल पन करून घ्या. त्याला आधी त्या मधल्या फळीत कोयती खुपसून दाखवा."

बाळशेट शिव्या घालत गेला. हे पुन्हा हत्यारं पुसू लागले. भिवाने करवत पुसून यांच्यापुढे ठेवली.

"बाय," तो म्हणाला, "जेवायला वाढ. आता रोजच वाढावं लागंल, माझ्या पोरांना पन."

"वाढीन," मी म्हटलं, आणि फळीच्या दोन तुकड्यांमधून सरळ चुलीकडे गेले.