दोन रेघांचं गाव

"ही सही तुमचीच ना, भाऊ?"

काउंटरपलीकडच्या बाईंनी कागद काचेखालून आत सरकवला. नक्कलभाऊंनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. सही त्यांचीच होती. वीस वर्षांपूर्वीची, लांब शेपटाची. आता ते शेपूट काढत नाहीत. दिवसाला चाळीस सह्या करणाऱ्याला तेवढी चैन परवडत नाही.

"माझीच. काय, जीर्ण झाला का कागद? दुसरा देतो."

"कागद धड आहे. मजकूर चुकलाय."

एकतीस वर्षांत लोकांनी त्यांना उशीर झाला म्हणून ऐकवलं होतं, शाई फिकी म्हणून ऐकवलं होतं. चुकलाय असं कुणी म्हटलं नव्हतं.

*रकाना पहिला: नाव*

खरं नाव पगारपत्रकावर होतं. बाकी सगळे नक्कलभाऊच म्हणत. जहाजांतून मजूर म्हणून आलेल्या माणसांच्या जुन्या नोंदवह्या या दप्तरखान्यात होत्या. आजोबा-पणजोबांना शोधत कुणी आलं की जहाज, तारीख, ओळ हुडकायची आणि नोंदीची नक्कल हातात ठेवायची, हे त्यांचं काम. बाईंचंही नाव कुणी वापरत नसावं. शिपायानं "या सिस्टर, या" म्हणत खुर्ची पुढं केली. बंदरावरचं साथीच्या रोगांचं इस्पितळ बंद पडेपर्यंत त्या तिथं नर्स होत्या.

"गाव चुकलंय," सिस्टर म्हणाल्या. "आई तिच्या वडिलांचं गाव वेगळंच सांगायची. मामा हा कागद तिच्या तोंडापुढं नाचवायचे. थापाडी म्हणायचे तिला. शेवटी शेवटी तिनं सांगायचंच सोडलं. गेल्या वर्षी गेली."

"अरेरे. मग आता कशाला..."

"कशाला म्हणजे? खोटी ठरून गेली ना ती."

नक्कलभाऊंनी समजुतीचा सूर लावला. "सिस्टर, मी खात्रीनं सांगतो, कारण त्याच जहाजात माझे आजोबा होते. तुमचे ओळ त्रेचाळीस, माझे एक्कावन्न. गाव एकच. म्हणजे आपण गाववाले निघालो!" आणि मग राहवेना म्हणून पुढंही सांगितलं. आजोबा गेले तेव्हा बाबा दोन वर्षांचे होते. ना फोटो, ना आठवण. एक्कावन्नाव्या ओळीची नक्कल पाठवून बाबांनी गाव शोधलं, तिथली भावकी शोधली. आता शहाऐंशीव्या वर्षी ते पहिल्यांदा तिकडं निघाले होते. "मंगळवारी. वाटायला सतरा टॉवेल घेतलेत. घरात पाय ठेवायला जागा नाही."

"या मंगळवारी?" सिस्टरनी कागद आणखी आत सरकवला. "मग तर वही काढाच."

*रकाना चौथा: गाव*

(मधले दोन रकाने, वय आणि बापाचं नाव. त्यांच्याबद्दल तक्रार नव्हती.)

नवव्या ओळीत गावाचं नाव पूर्ण लिहिलेलं होतं. दहाव्या ओळीत दोन बारीक उभ्या रेघा. अकराव्या ओळीत दोन रेघा. पान उलटलं तरी रेघाच. वरच्याप्रमाणे, अशी ती खूण. शहाण्णवाव्या ओळीपर्यंत कारकुनानं गाव म्हणून दुसरं काही लिहिलंच नव्हतं. नक्कल देताना खूण तशी ठेवायची नाही, वर बघून शब्द पूर्ण लिहायचा, हा दप्तरखान्याचा नियम. नक्कलभाऊंनी तो एकतीस वर्षं डोळे झाकून पाळला होता.

"एका गावची अठ्ठ्याऐंशी माणसं?" सिस्टर म्हणाल्या. "मग मागं कोण राहिलं, कुत्री?"

"एकेक गाव उठून यायचं तेव्हा. आणि कारकून एकटा, सिस्टर. उन्हात टेबल टाकून बसायचा. दिवेलागणीच्या आत जहाज रिकामं करायचं."

"तेच म्हणतेय मी. वॉर्डात नवीन मुलगी कंटाळली की हेच करते. एका खाटेचा ताप पुढच्या खाटेला. मी थर्मामीटर हातात देऊन परत पाठवायची."

नक्कलभाऊ हसले. मग हसणं अर्ध्यावर थांबलं.

"आमच्या इस्पितळाच्या वह्या तुमच्याकडं आल्यात," सिस्टर म्हणाल्या. "चार पत्र्याच्या पेट्या. मी स्वतः बांधल्यात. जहाजावरून उतरलेला आजारी माणूस भरती केला की त्याला गाव परत विचारायचे. मेला तर कळवायचं कुठं?"

पेट्या दोन वर्षांपासून जिन्याखाली पडून होत्या. यादी करायला माणूस मिळत नव्हता. शिपायानं आणि नक्कलभाऊंनी मिळून त्या ओढल्या. तिसऱ्या पेटीत तो महिना सापडला. सिस्टरचे आजोबा होते. ताप, अकरा दिवस, बरा होऊन गेला. गावाच्या जागी आई सांगायची तेच गाव.

सिस्टरनी त्या शब्दावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

"झाली ना खरी," त्या म्हणाल्या. मग नाक पुसलं. "याची नक्कल द्या. आणि सही तसली, शेपटाची करा. मामांच्या पोरांना दाखवायचीय."

नक्कलभाऊंनी शेपूट काढलं.

सिस्टर गेल्यावर त्यांनी इस्पितळाची वही पुन्हा ओढली. त्या जहाजातली सहा माणसं इस्पितळात होती. सहा जणांनी सहा गावं सांगितली होती. नवव्या ओळीतलं गाव त्यांत नव्हतं. एक्कावन्नाव्या ओळीतला माणूसही नव्हता. त्यांनी तो महिना दोनदा वाचला, मग पुढचा महिनाही वाचला. शिपाई किल्ल्या वाजवत दारात उभा राहिला तेव्हा ते उठले.

*रकाना शेवटचा: शेरा*

"बाबा, ते गाव बहुधा आपलं नाही," जेवणं झाल्यावर नक्कलभाऊ म्हणाले. बसमध्ये त्यांनी याची आणखी चार प्रकारची वाक्यं जुळवली होती. तोंडातून हेच निघालं.

बाबांनी कानातलं यंत्र नीट बसवलं आणि सगळं ऐकून घेतलं. रेघा, नियम, पेट्या.

"मग आपलं कुठलं?"

"ते नाही कळायचं. आजोबा इस्पितळात गेले असते तर कळलं असतं."

"गेला नव्हता?"

"नाव नाही वहीत."

"म्हणजे धडधाकट उतरला गडी."

"हो."

बाबांना ते आवडलेलं दिसलं. पण मग ते टेबलावरची भाताची शितं एकेक बोटानं गोळा करत राहिले.

"तिकीट रद्द करू का?"

"वेडा आहेस का? तिकडच्या भावकीतली ती म्हातारी रोज फोनवर मला दादा म्हणते. माझ्या सख्ख्या बहिणीनं कधी म्हटलं नाही. तिला काय सांगू, आमच्या कारकुनाला ऊन लागलं होतं?" ते हसले, पण आवाज खाली आला. "फक्त, तिथं उभं राहून 'माझा बाप इथून निघाला' असं म्हणणार होतो मी. पाठच केलं होतं. ते आता म्हणता येणार नाही."

आजोबांच्या ओळीची ती नक्कल नक्कलभाऊंनीच केली होती. नोकरीतली पहिली, बाबांसाठी.

"अरे, पण नाव-वय सोडलं तर त्या ओळीत त्याचं स्वतःचं असं काहीच नाही का? सगळ्या रेघाच?"

"उंची आहे," नक्कलभाऊ आठवून म्हणाले. "ती प्रत्येकाची वेगळी लिहिलीय. काठीला उभं करून मोजायचे. पाच फूट साडेतीन इंच."

"पाच फूट साडेतीन."

"हो."

बाबांनी टेबलावर तळवे रेटले आणि ते उठले. स्वयंपाकघराच्या दाराशी गेले, चपला काढून बाजूला सारल्या, टाचा चौकटीला टेकवल्या. पोक आलेली पाठ जमेल तेवढी लाकडाला लावली.

"मोज," ते म्हणाले.

शिवणाच्या डब्यात टेप होता, पण डबा लवकर सापडेना. नक्कलभाऊ तो घेऊन परत आले तेव्हाही बाबा तसेच उभे होते, हनुवटी वर, श्वास रोखून.