डोंगरावर सांगायची गोष्ट

या घरात वाईट बातमी घरात सांगत नसत. घरात बोललेलं भिंतींना चिकटतं आणि मोकळ्यावर बोललेलं वाऱ्यावर जातं, असं बाबांचं म्हणणं. बाबा लिफ्ट दुरुस्त करणारे. दिवसभर बंद खोक्यात काढणाऱ्या माणसाला मोकळ्या हवेचं कौतुक असणारच. आईचं पार्लर होतं. केसांना रंग लावून बसलेल्या बायका तिच्यापाशी मन मोकळं करायच्या आणि ती सगळं ऐकून घ्यायची. पण आरशात बघत ऐकणं वेगळं आणि पोटच्या पोरींच्या डोळ्यांत बघून सांगणं वेगळं. म्हणून बाबांची पद्धत तिला पटली. सोयीची वाटली म्हणा हवं तर.

आजी गेली ते तलावावर सांगितलं, होडीत बसल्यावर. कुत्रा दुसऱ्यांना देऊन टाकला ते बागेत, झोपाळ्यावर. शाळा बदलणार ते प्राणिसंग्रहालयात, जिराफासमोर. रडारड झाली, आइस्क्रीम झालं, मंडळी घरी आली. आपण किती शहाणे, असं दोघांना वाटायचं. त्यानंतर मोठी कधी झोपाळ्यावर बसली नाही, आणि होडीचं नाव काढलं की धाकटीच्या पोटात दुखायचं. पण पोरींच्या जातीला लहरी असायच्याच, म्हणून त्यावर कोणी डोकं चालवलं नाही.

आता सांगायचं होतं ते सगळ्यांत मोठं होतं. आईबाबा वेगळे होणार होते. भांडण असं नव्हतं. भांडायचाही कंटाळा आला होता. बाबांनी कामाच्या जवळ दोन खोल्या बघून ठेवल्या होत्या. राहता राहिल्या पोरी. जेवढी बातमी मोठी तेवढी जागा मोठी, या न्यायाने बाबांनी एकदम डोंगरच काढला. तंबू ठोकू, शेकोटी पेटवू, पोरी दमल्या की शांतपणे सांगू. आई हो म्हणाली. तेव्हापासून गिऱ्हाइकाच्या मानेभोवती टॉवेल गुंडाळतानासुद्धा ती मनातल्या मनात वाक्यं जुळवायची आणि मोडायची. डोंगरावर गेल्यावर सुचेल काय बोलायचं ते, असं ती स्वतःला समजवायची. झाकली मूठ तोवर तरी झाकलेली राहील.

सुट्टीच्या दिवशी सकाळी बेत जाहीर झाला. बाबांनी सोफा भिंतीला लावला, तंबूची पिशवी जमिनीवर ओतली आणि सराव म्हणून इथेच उभा करून बघू म्हणाले. दुसऱ्या घरातल्या पोरींनी घर डोक्यावर घेतलं असतं. इथे मोठीने हातातलं पुस्तक मिटलं, आणि धाकटीने विचारलं, किती दिवस जायचं.

चांगला आठवडाभर, बाबा म्हणाले. मग झऱ्याचं पाणी, रात्रीचे तारे, पहाटेची थंडी असं त्यांनी रंगवून सांगायला घेतलं. ते जसजसं रंगत गेलं तसतसा धाकटीचा चेहरा उतरत गेला.

"बागेत तर आपण थोडाच वेळ होतो," ती मोठीला हळूच म्हणाली. मोठीने तिला कोपराने ढोसलं.

फरशीत खुंट्या ठोकता येईनात, म्हणून बाबांनी तंबूची टोकं खुर्च्यांच्या पायांखाली दाबली. आई आत शिरून कापड सारखं करू लागली. कोण कुठे झोपणार ते आत्ताच ठरवू, या आत, असं तिने पोरींना बोलावलं. कोणी आलं नाही. मग ती स्वेटरबद्दल बोलली, टॉर्चबद्दल बोलली. गिऱ्हाइकाच्या केसांचा रंग बिघडला की ती अशीच गोड आवाजात भराभरा बोलायची, आणि तो आवाज आता आपल्याच तोंडून ऐकून तिला स्वतःची चीड आली.

ती तंबूच्या तोंडाशी आली. धाकटी स्वयंपाकघराच्या दारात मोठीचा हात घट्ट धरून उभी होती.

"कोण मरणार आहे?" धाकटीने विचारलं.

बाबांच्या हातून तंबूची काठी सुटली आणि तंबू आईच्या अंगावर बसला. कापडातून डोकं बाहेर काढत ती म्हणाली, कोणी नाही गं, भलतंच काय.

"मग जे असेल ते इथेच सांगा," मोठी म्हणाली. "मला डोंगर आवडतात. तेवढे तरी राहू देत."

आईच्या डोळ्यांपुढे झोपाळा आला, होडी आली. इतकी वर्षं आपण काय करत होतो हे तिला एका क्षणात कळलं, आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने बाबांकडे पाहिलं. ते काठी उचलून तिचे तुकडे जुळवत बसले होते. तिथे गेल्यावर निवांत बोलू की, असं काहीसं ते काठीलाच सांगत होते.

"बाबा आणि मी आता वेगवेगळ्या घरांत राहणार आहोत," आई म्हणाली.

एवढंच होतं ते. मोठीने मान हलवली. तिला बहुधा आधीच कुणकुण लागली होती. धाकटी रडेल म्हणून आईने हात पुढे केले, पण ती जागची हलली नाही.

"मग आता डोंगरावर जायचं नाही ना?"

"जायचं की," बाबा म्हणाले. "का नाही जायचं?"

"पण आता तिथे काय सांगायचं राहिलंय?"

बाबांनी आईकडे पाहिलं. नुसतंच जायचं असतं, मजा करायला, हे तिला सांगावं असं आईच्या ओठांवर आलं होतं. पण ते धाकटीला खरं वाटेल असा एकही दिवस तिला आठवेना, आणि ती त्या पडलेल्या तंबूत तशीच बसून राहिली.