शिवकांता मावशीचे चंद्र

"मावशी, तुम्ही रोज संध्याकाळी गच्चीवर कुणाला भेटायला जाता?"

विचारलं बाई एकदाचं! जिन्याखाली उज्वला आणि वर्षाराणी ओढणी तोंडावर दाबून खुदखुदत होत्या. पैज त्यांचीच. नववीपर्यंत हजेरीला 'प्रेझेंट' म्हणतानाही माझा आवाज बसायचा. यंदा दहावीत वक्तृत्वात तालुक्यात पहिली आले, आणि तेव्हापासून मला कशाची भीतीच वाटेना.

शिवकांता मावशी आमच्या शाळेत शिपाई. नवरा गेल्यावर त्याच्या जागी लागल्या. एकोणीस वर्षं शाळेची घंटा त्यांच्याच हातची. पोरं घरी गेली की त्या कुलपं लावायच्या आणि दिवेलागणीला वर जायच्या. रेणापुरात लोकांना बोलायला एवढं पुरतं.

त्यांनी मला खालून वर न्याहाळलं. "तुला बी भेटायचंय का? चल की मग."

वर दुर्बीण होती! कुठल्याशा योजनेतून शाळेला मिळालेली. शिकवणारे सर बदलून गेले आणि ती खोक्यातच राहिली. मावशींनी तिच्यावरची धूळ पुसली होती. जिथं डोळा लावायचा त्या भिंगावर तेलाच्या बाटलीचं कापलेलं झाकण बसवून, त्यावर त्या मोबाईल टेकवायच्या.

"श्वास धर. हललीस की चंद्राचं पिठलं होतंय."

मी श्वास धरला. पडद्यावर चंद्र तरंगत आला. विभूतीवर पावसाचे चार थेंब पडावेत तसा, खड्ड्याखड्ड्यांचा, आणि इतका जवळ की मी हातच पुढं केला. मग मावशींनी दुर्बीण पूर्वेला वळवली. तुरीच्या डाळीएवढा पिवळा शनी, आणि त्याच्यात आरपार सुई खुपसल्यासारखं कडं.

"शनिवारी तेल वाहतात तो हाच?"

"हाच. जवळून बघ किती गरीब दिसतोय."

"मावशी, हे खूळ लागलं कसं?"

"मान गं. दिवसभर हातात झाडू, मान खाली. लातूरचा डॉक्टर म्हनला, रोज वर बघत जावा. नुस्तं आभाळ तरी किती बघावं? म्हनून ही बाहेर काढली."

त्यांची अंबिका नांदेडला नर्सिंगला आहे. रोजच्या चंद्राचा फोटो तिला जायचा. तिकडून एक अंगठा आला की मावशींचा दिवस संपला.

मग मीही रोज जायला लागले. घरी सांगायचे, जादा तास आहे. ढग आले तर आम्ही दोघी ढगांच्या फटीची वाट बघत बसायचो. खाली एसटी, भाजीवाले, कुणाचं तरी भांडण. वर आल्यावर ते सगळं पाण्याखालून ऐकू आल्यासारखं वाटायचं.

गणपती बसले त्या संध्याकाळी आभाळ स्वच्छ होतं. त्या चवथीचा चंद्र बघायचा नसतो, बघितला की खोटा आळ येतो. गल्लीतली माणसं माना खाली घालून आरतीला चालली होती. मावशींनी दुर्बीण पश्चिमेला फिरवली.

"मावशी, आळ?"

"माझ्यावर कशाचा येतोय? माझ्या घरात मांजरसुद्धा दूध शोधत न्हाई."

बारीक कोर होती, आणि तिच्या कुशीत उरलेला चंद्रही दिसत होता, निळसर, झोपेतला. अख्ख्या तालुक्यात तो त्या वेळी आम्हा दोघींचाच होता.

उतरताना मी भिंग गुपचूप खिशात टाकलं. उज्वला आणि वर्षाराणीला माझं काहीच खरं वाटत नव्हतं ना! दाखवायचं, परत ठेवायचं, बस्स. पण घरी महालक्ष्म्या बसायच्या होत्या. करंज्या, पाहुणे, हळदीकुंकू. मम्मीनं आठवडाभर उंबरा ओलांडू दिला नाही. भिंग माझ्या रुमालात.

शाळेत गेले तेव्हा तपासणीचे साहेब येऊन गेले होते. भिंग गायब आणि चाव्या मावशींकडे. हेडसर व्हरांड्यात सगळ्यांदेखत विचारत होते, "सात दिवसांत भिंग आणून द्या, नाहीतर निलंबन. वर आणखी कोण येतं?"

मी दहा पावलांवर उभी होते. मावशींनी माझ्याकडं बघितलं.

"कोन न्हाई सर. मी एकटीच."

तालुक्यात पहिला आलेला तो आवाज घेऊन मी मान खाली घालून वर्गात शिरले.

शाळा सुटल्यावर मी त्यांना गाठलं. चाव्या काढून घेतल्या होत्या. कमरेचा रिकामा आकडा त्या चाचपत होत्या.

"मावशी, ते भिंग..."

"चवथीचा बघितला की मी. आळ येनारच व्हता." त्यांनी मला पुढं बोलूच दिलं नाही. "अंबिकाचा फोन व्हता. म्हनली, आई, आठ दिस झाले, चंद्र कुठं गेला? म्हनलं, ढग हायत."

आभाळात एक ढग नव्हता. लिंबाच्या वर चंद्र भरत आला होता.

त्या संध्याकाळी मी रुमाल सोडून भिंग पप्पांच्या पुढं ठेवलं आणि सगळं सांगितलं. गच्चीचंही, जादा तासाचंही. मम्मीनं आधी दार लावून घेतलं.

पप्पा शाळेच्या समितीचे अध्यक्ष. त्यांनी भिंग रुमालानं झाकलं. मग हळूच म्हणाले, "उद्या शाळेतल्या कपाटामागं टाकून ये. सापडलं म्हनतील. हेडसरला मी बघतो."

"मग लोक म्हणतील, मावशीनंच भिऊन ठेवलं."

"चार दिस म्हनतील, इसरतील."

"आन तू अंधाराची गच्चीवर जात व्हतीस, हे गावाला कळू द्यायचं का?" मम्मी मधेच म्हणाली. "दहावीचं वर्ष हाय गं तुझं! तुझ्या पप्पाला तोंड दाखवायला जागा राहील का?"

मला पप्पांची फार दया आली. पण मी भिंग उचलून परत रुमालात बांधलं.

"पप्पा, उद्या प्रार्थना झाली की मी माईक घेणार आहे. भिंग मी नेलं, हे सगळ्या शाळेसमोर सांगणार. आणि मावशी गच्चीवर एकट्या नव्हत्या, मी होते, हेही."